गावाचा फोटो पूर्वेकडून

परभणी जिल्ह्यात फोटो काढण्यासारखं काही नाही, हे मला ठासून सांगणारे पहिले गृहस्थ म्हणजे आमच्या कार्यालयातले साहेब. डोंगर असलेल्या जिल्ह्यातून बदली होऊन आलेले, त्यामुळे त्यांच्या मनात कायम एक घाट आणि दोन धबधबे असत. जेवणाच्या सुट्टीत मी खिडकीतून ढगांचा फोटो काढत होते, तेव्हा ते मागून म्हणाले, "अहो मॅडम, इथं काय काढताय? नुसतं सपाट. नजर कुठं अडतच नाही." मी म्हटलं, "साहेब, अडत नाही तेच तर काढतेय." ते हसले. मी हसले नाही. लिपिक बाईने साहेबांना असं उलट बोलू नये, हे नंतर दोघातिघांनी मला समजावून सांगितलं. मी त्यांनाही ढगांचा फोटो दाखवला.

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. चार दिवस महाबळेश्वरला जाऊन आलेली माणसं परत आल्यावर स्टँडवर उतरता उतरता म्हणतात, आपल्याकडे काय आहे? जणू जांभई दिल्यासारखं हे वाक्य तोंडातून येतं. ज्यांनी कधी सकाळी सहाला घराबाहेर पाऊल टाकून शेतात नजर टाकली नाही, त्यांनी हे बोलावं याची मला भयंकर चीड आहे.

फोन लेकीचा जुना. तिने नवा घेतला आणि हा माझ्या हातात ठेवून म्हणाली, "आई, याचा कॅमेरा चांगला आहे. नुसते गुड मॉर्निंग पाठवत बसू नकोस." पहिले काही महिने माझ्या सगळ्या फोटोंवर एक मंद धुकं असे. ते गोदावरीवरून येतं असं समजून मी खूश होते, एकदोघींना अभिमानाने दाखवलंही. ते भाजीच्या तेलाचं होतं. फोडणी देता देता फोन उचलायचा आणि बोट नेमकं भिंगावर ठेवायचं, ही माझी सवय. एके दिवशी सहज पदराने भिंग पुसलं आणि धुकं कायमचं गेलं. तेव्हापासून फोटो काढण्याआधी मी पदर फिरवते. लोकांना वाटतं बाई दृष्ट काढतेय.

मग एकेक कळत गेलं, तेही चुका करून. दोन बोटांनी चित्र ओढून मोठं केलं की ते विस्कटतं, म्हणून जवळचं हवं असेल तर आपल्या पायांनी जवळ जायचं. आभाळ पांढरं फटक येत असेल तर आभाळावर बोट टेकवून धरायचं, बाजूला उमटणारा छोटा सूर्य खाली ओढायचा, की ढग परत येतात. पडद्यावरच्या चौकटीच्या रेघा चालू ठेवायच्या आणि क्षितिज त्यांच्याशी समांतर धरायचं. ही शेवटची गोष्ट डोंगरातल्या माणसाला नसली तरी चालते. डोंगर थोडा कलला तर कोण ओळखतंय? आमच्या सपाट जमिनीत हात केसभर वाकडा झाला की अख्खा तालुका एका बाजूला ओघळून चाललाय असं वाटतं. साहेबांना हे सांगायचं राहून गेलं.

येलदरीला गेले होते, तिथे आणखी एक धडा मिळाला. धरणावर जाणारे सगळे एकाच कठड्याला रेलून एकच फोटो काढतात. मीही काढला. घरी येऊन पाहिला तर पाणी पाणी आणि पाणी, किती मोठं ते काही कळेना. पुढच्या खेपेला खाली उतरले, काठावर वाळत घातलेल्या मासेमारीच्या जाळ्याजवळ बसले आणि त्या जाळ्यामागे पाणी घेतलं. तेच पाणी एकदम अफाट झालं. फोटोत जवळचं काहीतरी असलं तरच दूरचं दूर वाटतं. जाळंवाला माणूस मला म्हणाला, "जाळ्याचा फोटू काढून काय करता बाई, मासळी तर आत न्हाई." त्याचंही बरोबर होतं.

हे सगळं मी परभणीत राहून, शनिवार-रविवारी गावाकडे जाता-येता शिकले. माझं माहेर सोनपेठ तालुक्यात, गोदावरीपासून थोडं आत. आई तिथे एकटी राहते. शनिवारी दुपारची बस धरली की सोनपेठला उतरून, मिळेल त्या गाडीने मी दिवेलागणीपर्यंत घरी पोचते. माझ्या फोटोंपैकी निम्मे या वाटेवरचे आहेत आणि उरलेले गावाचे.

गावाबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आम्ही बौद्ध. आमची वस्ती गावाच्या पूर्वेला आहे आणि गाव आणि वस्ती यांच्या मधून एक ओढा जातो. ओढ्याच्या काठाने बाभळी आहेत. जिल्ह्यातल्या गावागावांत फिरून बघा, आमच्या वस्त्या बहुतेक पूर्वेलाच सापडतील. लहानपणी मला वाटायचं, सकाळचं ऊन आधी आपल्याला मिळावं म्हणून आजोबा-पणजोबांनी ही जागा निवडली असेल. जागा त्यांनी निवडली नव्हती. आमच्याकडे वारा वर्षातले बरेच दिवस पश्चिमेकडून वाहतो. गावावरून आलेला वारा आमच्यावरून जावा, आमच्यावरून गेलेला गावावर येऊ नये, अशी ती व्यवस्था होती. आजोबांच्या पिढीने धम्म घेतला, वडलांच्या पिढीने पक्क्या विटा लावल्या, माझी पिढी नोकरीला लागली. वस्ती मात्र वाऱ्याच्या हिशेबाने जिथे बसवली तिथेच राहिली.

आता गावाचा फोटो. आमच्या गावाचा जो कुणी फोटो काढतो तो पश्चिमेकडून काढतो, कारण डांबरी रस्ता तिकडून येतो. संध्याकाळी रस्त्यावर उभं राहावं, सूर्य पाठीशी असतो, महादेवाच्या देवळाचं रंगवलेलं शिखर उजळून निघतं. लग्नपत्रिकेत, यात्रेच्या बॅनरवर, गावाच्या ग्रुपच्या चित्रावर, सगळीकडे हाच फोटो. त्यात आमची वस्ती दिसत नाही. ती पार पाठीमागे, गावाच्या आड असते. कुणी मुद्दाम लपवली असं मी म्हणत नाही. रस्त्यावरून दिसत नाही म्हणून ती नसते, एवढंच.

गेल्या हिवाळ्यात गावात नवीन ग्रामपंचायत कार्यालय बांधून झालं. एका शनिवारी रात्री सरपंच आईच्या घरी आले. ते माझ्या वर्गात होते. शाळेत आम्ही एकमेकांना अरे-तुरे करायचो, आता दोघंही सांभाळून बोलतो. ते ओट्यावर टेकले, चहाही घेतला. म्हणाले, "ताई, तुमचे फोटो बगत आसतो मी स्टेटसला. लय भारी काढता. पंचायतीच्या भिंतीला गावाचा एक मोठा फोटो लावावा म्हनायलोय. आपल्या गावातलंच मानूस आसताना भायेरचा फोटोग्राफर कशाला सांगायचा?"

आपल्या गावातलंच माणूस. हे तीन शब्द ऐकून मला किती बरं वाटलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. पन्नाशीला टेकलेली बाई मी, आणि मी शाळेत पहिला नंबर आल्यासारखी खूश झाले.

ते उठता उठता म्हणाले, "संध्याकाळच्याला रस्त्यावरून घ्या. देऊळ मस्त येतं." मी मान डोलावली. पण तसला फोटो माझ्याकडे चाळीस वेळा काढलेला होता आणि त्याचा मला कंटाळा आला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे मी उलट्या बाजूला गेले. आमच्या वस्तीच्या पलीकडे, अजून पूर्वेला, पाण्याची टाकी आहे. टाकीच्या लोखंडी जिन्यावरून अर्धी वर चढले. सूर्य पाठीमागून वर येत होता आणि समोर उजेड अंथरला जात होता. आधी हरभऱ्याचं हिरवं रान, मग आमच्या वस्तीची छपरं, विहारावरचा निळा झेंडा, घराघरातून पाणी तापवायच्या चुलींचा धूर, मग ओढ्याच्या बाभळी, त्यामागे गाव, देवळाचं शिखर आणि वर मोकळं आभाळ. खरं सांगते, तेव्हा मी कुणाशी भांडायला चढले नव्हते. सकाळी उजेड तिकडूनच चांगला असतो. पाठीवर ऊन घ्यायचं असेल तर पूर्वेला उभं राहावं लागतं, आणि पूर्वेला उभं राहिलं की आधी आम्ही दिसतो.

फोटो सरपंचांना पाठवला. त्यांनी दोन अंगठे पाठवले. मग वस्तीच्या ग्रुपवर टाकला. आमची निम्मी वस्ती दिवाळीनंतर ऊसतोडीला जाते, घरांना कुलपं असतात. त्या दिवशी दूरच्या कारखान्यावरच्या फडातून एकामागून एक आवाजी निरोप येऊ लागले. सगळ्यांनी फोटो बोटांनी ओढून मोठा केला होता आणि आपापलं घर शोधलं होतं. आमच्या शेजारची बाई म्हणाली, "आक्का, माजं दार दिसायलंय बग. कुलूप बी दिसायलंय. पन त्या पत्र्यावरला धोंडा सरकलाय, तेवढा नीट ठिवायला सांग कुनाला तरी." मी स्वतः गेले, शिडी लावली आणि तो धोंडा नीट ठेवला. एखाद्या फोटोने माझ्याकडून असं काम कधी करून घेतलं नव्हतं.

हे सांगितल्यावर आई म्हणाली, "बरं झालं." एवढंच. फोटोत तिचं घर मधोमध होतं, ते तिला दाखवलं. तिने चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, "न्हानीची भित रंगवायची राह्यली." मी म्हटलं, "आई, हा पंचायतीत लागणार आहे, भिंतीएवढा." ती म्हणाली, "लागू दे."

उद्घाटन रविवारी होतं. त्याआधीच्या मंगळवारी सरपंचांचा फोन आला. परभणीतल्या बॅनरवाल्याकडे फोटो छापायला दिला होता, तो छापून आला तर सगळा पुसट. शिखराच्या जागी रंगीत ठोकळे. "ताई, तुमी मूळ फोटो पाठवा, तो बॅनरवाला म्हनायलाय डॉक्युमेंट करून पाठवायला सांगा म्हनून. आईतवारी पावने येयलेत, फजिती व्हईल." व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो बारीक होऊन जातो, मोठा छापला की फाटतो, हे मला माहीत होतं, मीच सांगायला विसरले होते. मी म्हटलं, चूक माझी, उद्या पाठवते. पण मला प्रश्न पडला की भिंतीएवढा छापला तरी थोडा पुसट येईल, ठोकळे कसे दिसतील? बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मी रिक्षाने बॅनरवाल्याकडे गेले.

छापलेलं कापड कोपऱ्यात गुंडाळून ठेवलं होतं. त्याने उलगडून दाखवलं. त्यात शिखर होतं, गावातली उंच घरं होती आणि भरपूर आभाळ होतं. खाली बाभळींची एक हिरवी रेघ होती आणि त्या रेघेवर फोटो संपला होता. त्याखालचं सगळं गेलेलं. म्हणजे फोटोचा वरचा एक तुकडा घेऊन तो आठ फुटांपर्यंत ताणला होता, मग ठोकळे दिसणारच. मी विचारलं, हे कुणी कापलं? बॅनरवाला म्हणाला, "असंच आलं मॅडम आमच्याकडं. कापूनच पाठवलं होतं."

मी त्या दुकानात उभी राहून ती बाभळींची रेघ पाहत राहिले. अगदी सरळ होती. टाकीवरून काढताना मीच ती सरळ घेतली होती, क्षितिजाला समांतर, नियमाप्रमाणे. कापायला इतकी सोयीची रेघ मी माझ्या हाताने आखून दिली होती. मला रडू आलं नाही. संताप आला, आणि त्यातला थोडा स्वतःवरचा होता.

तिथूनच सरपंचांना फोन लावला. मी म्हटलं, "वस्ती कुठं गेली?"

ते म्हणाले, "ताई, गैरसमज करून घेऊ नका. भितीचं माप आठ बाय तीन हाय. सगळं कसं बसंल? वरचं घ्यावं का खालचं घ्यावं, कायतरी सोडावंच लागतंय."

"मग वरचं सोडायचं."

"देऊळ कसं सोडावं, ताई?"

"आणि माणसं कशी सोडली?"

"तुमी शिकलेली मानसं. हरेक गोष्टीत तेच कामून बगता?"

"कारण दर खेपेला तेच असतं," मी म्हटलं. बॅनरवाला दुकानातल्या दुकानात काहीतरी शोधायला लागला. मी आवाज खाली आणला नाही. "मूळ फोटो मी पाठवणार नाही. आठ बाय तीनमध्ये बसेल असा नवा काढते, माझ्या हाताने छापून आणते. त्यात अख्खं गाव असेल. लावायचा तर तो लावा, नाहीतर भिंत मोकळी ठेवा."

"पावन्यांच्या समोर मोकळी भित कशी ठेवावी?"

"ते तुम्ही बघा."

फोन ठेवल्यावरही बोललेलं मागे घ्यावंसं वाटलं नाही. गुरुवारी रजेचा अर्ज टाकला आणि संध्याकाळच्या बसने गावाकडे गेले.

आईला सगळं सांगितलं. मला वाटलं तीही चिडेल. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "लावू दे की देऊळ. आपलं घर भितीला टांगून नळाला पानी येनार हाय का?" मी तिच्यावरही चिडले. म्हटलं, पाणी येणार नाही, पण उद्या कुणाची पोरं त्या पंचायतीत दाखला काढायला जातील, भिंतीकडे बघतील आणि आपण या गावाचे नाही असं त्यांना वाटेल, त्याचं काय? तिने मला वाढलं, वर तुपाची धार धरली आणि म्हणाली, "जेव. सकाळी लवकर उठायचंय ना तुला."

शुक्रवारी उजाडायच्या आत मी बाहेर पडले. सवयीने टाकीकडे वळले आणि जिन्याशी थांबले. वरून काढलं की गावाचे थर पडतात. रान, वस्ती, ओढा, गाव, आभाळ, एकावर एक ठेवलेल्या घड्यांसारखे. कुठलीही घडी उचलून बाजूला ठेवता येते. जितकं उंच जावं तितकी कात्रीची सोय. मी उतरले आणि हरभऱ्याच्या रानात गेले.

रान ओळखीच्यांचं. बांधाने चालत चालत मागे मागे गेले, पूर्वेकडे. जेवढं मागे जावं तेवढं देऊळ आमच्या घरांच्या जवळ सरकत होतं. हे मला नवीन होतं. जवळ उभं राहिलं की वस्तीची घरं मोठी आणि देऊळ मागे बारीक. दूर गेलं की दोन्ही एका मापाला येतात. असं करत करत शेवटच्या बांधावर पोचले आणि तिथे उभं राहून पाहिलं, तरी छपरांच्या वर बाभळींची ती रेघ दिसतच होती. मग मी खाली बसले. उकिडवी, घाट्यांनी लगडलेल्या झाडांच्या उंचीवर. आणि रेघ गेली. बाभळी घरांच्या आड गेल्या, ओढा गेला. आमच्या पत्र्यांच्या मधून गावाच्या माड्या डोकावू लागल्या. महादेवाचं शिखर थेट माझ्या आईच्या घरावरून वर निघालं होतं.

सूर्य वर आला तशी एक अडचण झाली. सूर्य पाठीशी असला की आपली सावली समोर पडते. मी उठले की ती लांबच लांब रानावरून वस्तीकडे जाई. आपली सावली फोटोत येऊ देऊ नये, असं फोटो शिकवणाऱ्या सगळ्या व्हिडिओंत सांगतात. मी बांधावरच्या लिंबाच्या सावलीत सरकून माझी सावली त्यात मिसळून टाकली. आणि सरकता सरकता माझ्या लक्षात आलं की एक काळ होता जेव्हा आमची सावली पडू नये म्हणून आमच्या माणसांना असंच सरकावं लागे. मी तिथेच थांबले. मग ठरवलं की हे मी कुणासाठी करत नाही, फोटोसाठी करते आहे, आणि लिंबाच्या सावलीत नीट मांडी घालून बसले. तरी तो विचार डोक्यातून गेला नाही.

माप आठ बाय तीन होतं, म्हणजे लांबट पट्टी. साध्या फोटोची पट्टी कापली असती तर पुन्हा ठोकळे आले असते. म्हणून फोन उभा धरून, डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवत एकसंध लांब फोटो घ्यायचा होता. बसून, हात न हलवता, कमरेतून वळत. पहिल्या वेळी श्वास सुटला आणि विहाराला मध्येच पायरी पडली. दुसऱ्या वेळी एक शेळी फोनच्या दिशेने चालत गेली आणि फोटोत तिला सहा पाय आले. तिसऱ्या वेळी दूध घालायला निघालेल्या बाईने बांधावरून विचारलं, "काय करायलीस गं हितं बसून?" आणि मी तिला उत्तर द्यायला फोनसकट वळले. सहाव्या की सातव्या वेळी जमलं. ऊन कोवळं होतं, धूर छपरांवर आडवा पसरला होता, घरांच्या भिंती उजळल्या होत्या, कुलूप लावलेल्या दारांसुद्धा. आणि कुठे काप द्यावा असं एकही ठिकाण नव्हतं. वरून कापलं तर देऊळ जातं, खालून कापलं तर देवळाखालची जमीन जाते, मधून कापलं तर शिखराला आमचा पत्रा चिकटून येतो. मी एकटीच त्या रानात बसून मोठ्याने म्हटलं, आता काप बघू.

त्याच दिवशी परभणीला परत आले आणि बॅनरवाल्यासमोर उभी राहून फोटो छापून घेतला. त्याने विचारलं, "कडा बरोबर आहेत ना मॅडम?" मी म्हटलं, "एक सूतही इकडेतिकडे करू नका." रविवारी पहिल्या बसने निघाले. कागदात गुंडाळलेली ती तीन फुटांची नळी मांडीवरून शेजारच्या सीटवर जात होती. वाहकाने विचारलं यात काय आहे. मी म्हटलं, गाव. त्याने तिकीट मात्र माझं एकटीचंच फाडलं.

पंचायतीत सरपंच भिंतीशीच उभे होते. भिंत मोकळी होती, वर चार खिळे ठोकून ठेवलेले. त्यांनी नळी उलगडली आणि बराच वेळ पाहिली. मी तिथून हलले नाही. त्यांनी खालची कड बोटाने चाचपली, वरची चाचपली. बाहेर पाहुण्यांच्या गाडीचा हॉर्न वाजला. ते शिपायाला म्हणाले, "लाव." माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताई, तुमी बी लय जिद्दी हाव." मी म्हटलं, "हो." मग त्यांनी वरून एक शाल टाकली, पाहुण्यांच्या हस्ते काढायला.

खोली भरली. पुढे खुर्च्या, मागे सतरंजी, दारापाशी बायका. माझी आई त्यांच्यात उभी होती. ती येईल असं मला वाटलं नव्हतं, मी बोलावलंही नव्हतं. तिने धुतलेलं पांढरं लुगडं नेसलं होतं. भाषणं झाली. मग पाहुण्यांनी शाल ओढली.

टाळ्या पडल्या नाहीत. लोक बघतच राहिले. गावातल्या माणसांनी आयुष्यभर ज्या बाजूने गाव पाहिलं ती बाजू तिथे नव्हती. समोर हरभरा, मग आमची घरं, आमचा झेंडा, आणि त्यांचं शिखर आमच्या पत्र्यावरून उगवलेलं. पुढच्या खुर्चीवरचे एक म्हातारे गृहस्थ डोळे बारीक करून म्हणाले, "ह्ये कोनतं गाव म्हनायचं?" दुसरा म्हणाला, "देऊळ तर आपल्यासारकंच दिसायलंय." सरपंच बुटाच्या टोकाकडे बघत होते. पाहुणे प्रश्नार्थक चेहऱ्याने इकडेतिकडे पाहू लागले. माझ्या तोंडात उत्तर तयार होतं, चांगलं धारदार, बुधवारपासून घासून ठेवलेलं.

पण दारातून माझी आई आधी बोलली. आवाज चढवला नाही, रस्ता विचारणाऱ्याला सांगावं तसं म्हणाली, "आपलंच हाय की. आमाला तर रोज आसंच दिसतं."